ठाण्याच्या उंबरठ्यावरचा नागरिक

कोणत्याही राज्यकारभाराची खरी परीक्षा मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर होत नाही. ती होते तलाठ्याच्या चावडीत, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात आणि पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर. यांपैकी पहिल्या तीन ठिकाणी शासन लोकांच्या सेवेसाठी आहे, ही कल्पना निदान तत्त्वतः तरी जनमानसात रुजली आहे. धान्य मिळाले नाही तर स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरतात. दवाखान्यात डॉक्टर नसला तर गाव तहसीलदाराला जाब विचारते. पोलीस ठाण्याबाबत मात्र अशी हक्काची भावना अद्याप निर्माण झालेली नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु गरीब माणसाला कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधी ठाण्याची पायरी चढावी लागते, आणि तेथूनच तो बहुधा परत फिरतो.

‘सद्‌रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे. त्यातील उत्तरार्धाची चर्चा वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात रोज होते. किती गुंड पकडले, किती माल जप्त केला, किती ठिकाणी नाकाबंदी झाली, याचे आकडे सर्वांच्या तोंडी असतात. पूर्वार्धाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, जिला नवऱ्याने मारून घराबाहेर काढले, ज्याची मजुरी मुकादमाने बुडवून वर मारहाणही केली, तो माणूस ठाण्यात गेल्यावर त्याचे काय होते? पोलीस खात्याच्या लोकसेवेचा दर्जा मोजायचा असेल तर हाच एक प्रश्न पुरेसा आहे. त्यात एका अटीची भर घालावी लागेल. तो माणूस असा हवा की, ज्याच्यासाठी ठाण्यात फोन करणारे कोणीही नाही.

बदलापूरचा धडा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे जे घडले, त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले. त्यांना तेथे अनेक तास ताटकळत ठेवण्यात आले, असा आरोप झाला. २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वे रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेची वाहतूक दीर्घकाळ ठप्प झाली. त्यानंतर अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांच्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले. जे काम ठाणे अंमलदाराने तासाभरात करावयाचे, ते करवून घेण्यासाठी एका शहराला रेल्वे अडवावी लागली.

प्रकरण तेथेच थांबले नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या वाहनात, पोलिसांच्याच ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. त्याने पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात वाहनातील पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरण्यात आले. त्या गोळीचे काही ठिकाणी पेढे वाटून स्वागत झाले, हे अधिक चिंताजनक होय. तक्रार घेण्यास टाळाटाळ करणे आणि आरोपीला न्यायालयाबाहेर मृत्यू येणे या परस्परविरोधी गोष्टी वाटतात. वस्तुतः त्या एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत. दोन्हींत कायद्याने सांगितलेले काम झालेले नाही. रोजचे साधे काम नीट होत नाही म्हणून लोक चिडतात, आणि त्या चिडलेल्या लोकांपुढे मग कामाऐवजी पराक्रम ठेवला जातो. ज्या समाजाला ठाण्यात पावती मिळत नाही, तो समाज गोळीवर समाधान मानू लागतो. लोकशाहीच्या दृष्टीने याहून मोठा धोका नाही.

नकार कसा दिला जातो

तक्रार नाकारणारा हवालदार ‘तक्रार घेत नाही’ असे सहसा म्हणत नाही. नकाराची एक स्वतंत्र परिभाषा ठाण्यांतून विकसित झाली आहे. ‘साहेब बंदोबस्तावर गेले आहेत, संध्याकाळी या’ ही तिची पहिली पायरी. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ ही दुसरी. ‘अर्ज देऊन जा, चौकशी करू’ ही तिसरी. अर्ज फाईलला लागतो आणि गुन्हा कोठेच नोंदला जात नाही. चौथी पायरी सर्वांत परिचित आहे. मारहाण दखलपात्र असली तरी ती अदखलपात्र म्हणून लिहिली जाते, फिर्यादीच्या हाती ‘एन.सी.’चा कागद दिला जातो, आणि त्या कागदावर पुढे कोर्टात जाण्याचा सल्ला असतो. कागद मिळाला म्हणून तो बिचारा समाधानाने घरी जातो. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून त्या कागदाच्या आधारे पोलीस तपासच करू शकत नाहीत, हे त्याला महिन्याभराने कळते. चोरी झालेली वस्तू ‘गहाळ’ झाल्याची नोंद करणे हा याच कलेचा शहरी प्रकार आहे.

या टाळाटाळीमागे केवळ आळस किंवा लाच असते, असे मानणे वरवरचे ठरेल. त्यामागे एक हिशेब आहे. ठाण्याच्या कारभाराचे मूल्यमापन वर्षानुवर्षे नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यांवरून होत आले आहे. आकडा वाढला की वरिष्ठ निरीक्षकाला जाब विचारतात, वरिष्ठांना मंत्री विचारतो आणि मंत्र्याला विधिमंडळ विचारते. मग आकडा खाली ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय उरतो, तो म्हणजे गुन्हा न नोंदणे. येथे विरोधी पक्षांनीही, समाजवाद्यांसह, आत्मपरीक्षण केले पाहिजे. नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे कायदा व सुव्यवस्था ढासळली, असा ओरडा करून सरकारला धारेवर धरण्याची सवय सर्वच विरोधी बाकांना लागली आहे. एखाद्या जिल्ह्यात स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली, तर त्याचा अर्थ तेथील ठाण्यांची दारे उघडली असा असू शकतो. आकड्यावरून सरकारला झोडपणारा प्रत्येक सदस्य नकळत ठाण्याचे दार थोडे अधिक बंद करीत असतो.

कायदा काय सांगतो

या बाबतीत कायदा संदिग्ध आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार तिच्या पित्याने नोंदवू पाहिली. ठाण्याने दाद दिली नाही. पोलीस अधीक्षकांकडे गेल्यावर गुन्हा नोंदला गेला, पण तपास हलला नाही. ललिता कुमारी खटला म्हणून गाजलेल्या या प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निःसंदिग्ध निर्णय दिला. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की प्रथम खबरी अहवाल नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. खबर खरी की खोटी याचा निवाडा नोंदीआधी करण्याचा अधिकार त्यांना नाही. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा, भ्रष्टाचार अशा मोजक्या प्रकारांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवण्यात आली, तीही खबरीत दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढेच पाहण्यापुरती.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३व्या कलमाने हद्दीची सबब काढून घेतली आहे. गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत तीवर सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत त्याला कळवले पाहिजे. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि त्याच कलमात एक फटही ठेवण्यात आली आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठाणे प्रमुखाला मिळाली आहे. घटनापीठाने जे दार मोजक्या प्रकारांपुरते किलकिले ठेवले होते, ते संसदेने बरेच रुंद केले. चौदा दिवसांत साक्षीदार फिरतात, गावातील प्रतिष्ठित मंडळी ‘मिटवून घ्या’ म्हणून घरी येतात, आणि मजुरीसाठी स्थलांतर करणारा फिर्यादी जिल्हा सोडून गेलेला असतो.

नोंद नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा नाही, हा समजही खरा नाही. स्त्रियांवरील अत्याचारांच्या ठरावीक गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कारावास देण्याची तरतूद २०१३ मध्ये झाली. ती आज भारतीय न्याय संहितेच्या १९९व्या कलमात आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम दुरुस्तीनंतर अधिक नेमके झाले. तोंडी खबर लिहून घेणे, ती फिर्यादीला वाचून दाखवणे, प्रत देणे ही कर्तव्ये त्यात एकेक करून सांगितली आहेत, आणि त्यांत जाणूनबुजून कसूर करणारा लोकसेवक शिक्षेस पात्र ठरतो. कायद्याच्या पुस्तकात शब्द कमी पडलेले नाहीत. ते शब्द अंमलात आणण्याची जबाबदारी ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच सहकाऱ्यांवर सोपवलेली आहे, ही खरी अडचण आहे.

देसाईगंज ते परभणी

ठाण्यात आलेल्या दुर्बलांचे काय होऊ शकते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दाहक उदाहरण देसाईगंजचे आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील त्या ठाण्यात एक आदिवासी मुलगी आली होती. तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात तिला तेथे आणले गेले होते. म्हणजे पोलिसांच्या सेवेची गरज असलेली ती एक नागरिक होती. त्या रात्री ठाण्याच्याच आवारात तिच्यावर अत्याचार झाल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांची आंदोलने उभी राहिली. आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराविषयीचा कायदा बदलला. ते प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. ते ठाण्याच्या नावाने ओळखले जाणे अधिक उचित झाले असते, कारण कलंक ठाण्याचा होता.

त्यानंतर अर्धशतक उलटले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा पोलिसांच्या प्रारंभीच्या हलगर्जीपणाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर आंदोलन उसळले. त्या वेळच्या अटकसत्रात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. या मृत्यूबद्दल पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदला जावा, यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तसा आदेश दिला, तर राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथे सरकारची मागणी फेटाळली गेली. फिर्यादीची फिर्याद घ्यावी, या साध्या गोष्टीविरुद्ध सरकारी तिजोरीतून वकील उभे केले जातात, यापेक्षा शासनाच्या भूमिकेचा अधिक बोलका पुरावा कोणता?

हे वळण कोठून आले

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांकडे पोलीस दलाचे दोन नमुने होते. १८२९ मध्ये लंडनसाठी उभारलेले दल नागरी स्वरूपाचे होते. आयर्लंडसाठी उभारलेले दल सशस्त्र, बराकीत राहणारे आणि सरकारचे संरक्षण करणारे होते. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तेथे आयरिश नमुना आणला. तो प्रांत पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला. १८५७च्या उठावानंतर आलेल्या १८६१च्या पोलीस कायद्यावर याच नमुन्याची छाप होती. मुंबई इलाख्याला १८९०चा स्वतंत्र जिल्हा पोलीस कायदा मिळाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१चा मुंबई पोलीस कायदा आला, जो आज महाराष्ट्र पोलीस कायदा या नावाने ओळखला जातो. कायद्याची नावे बदलली, टोपीवरील चिन्ह बदलले. परंतु ठाणे कोणाला उत्तरदायी, या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही. ते साहेबाला उत्तरदायी होते, ते मंत्र्याला उत्तरदायी झाले.

ही चौकट बदलण्याचा पहिला गंभीर प्रयत्न आणीबाणीनंतर, जनता सरकारने नोव्हेंबर १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने केला. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. सुमारे साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, असा निष्कर्ष त्याने नोंदवला होता. १९८० मध्ये सरकार बदलले आणि अहवाल कपाटात गेले. एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यालाच अखेर सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात आदेश दिले. राज्य सुरक्षा आयोग, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ, बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, आणि राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण हे त्यांतील मुख्य होते.

महाराष्ट्राने यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पण जिल्ह्याऐवजी विभाग हे तक्रार प्राधिकरणाचे केंद्र धरले, आणि त्याच्या अहवालावर शेवटचा शब्द सरकारकडे राखला. अहेरी किंवा धडगावच्या आदिवासीला ठाण्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी विभागीय शहर गाठणे किती शक्य आहे, हे सांगावयास नको. बदल्यांचा बाजार तर इतका उघड झाला की, २०२१ मध्ये मुंबईचे पदावरून दूर झालेले पोलीस आयुक्त आणि राज्याचे गृहमंत्री यांच्यातील वसुलीचे आरोप-प्रत्यारोप साऱ्या देशाने ऐकले. ज्या अधिकाऱ्याची खुर्ची आमदाराच्या चिठ्ठीवर अवलंबून असते, त्याला ठाण्यात आलेल्या शेतमजुरापेक्षा आमदाराचा कार्यकर्ता महत्त्वाचा वाटणार, हे ओघानेच आले.

शिपाई हाही श्रमिकच

समाजवादी दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती टाळता येणार नाही. ठाण्याच्या दारात उभा असलेला शिपाई हा शेतकरी-कष्टकऱ्यांचाच मुलगा आहे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९च्या देशव्यापी अहवालानुसार पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा आणि क्रिकेटचा सामना यांच्या बंदोबस्तात त्यांची सुट्टी विरून जाते. वरळी आणि नायगावच्या बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पोलिसांच्या पिढ्या गिरणी कामगारांच्या शेजारी वाढल्या. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला, तेव्हा गिरण्यांचा संप चालूच होता. सरकारने लष्कर बोलावले, पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, अनेकांना बडतर्फ केले. संघटना संपली, ज्या गाऱ्हाण्यांतून ती जन्मली होती, ती मात्र राहिली.

चौदा तास राबवलेला, साहेबाच्या घरची कामे करावयास लावलेला, स्वतःच्या अपमानाची दाद कोठेही मागू न शकणारा माणूस दुसऱ्याची दाद सौजन्याने ऐकेल, अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करावयाची? हे अत्याचाराचे समर्थन नव्हे. कोठडीत हात उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु सेवेचा दर्जा आणि सेवकाच्या कामाची स्थिती यांचा संबंध गिरणीत मान्य करावयाचा आणि ठाण्यात नाकारावयाचा, हे समाजवादाला शोभणारे नाही. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका पोलीस शिपायानेच तयार केलेल्या आराखड्यावरून. पुढे तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. अशा सुधारणा वरिष्ठांच्या मर्जीवर न ठेवता हक्क म्हणून कायद्यात आल्या पाहिजेत, आणि पोलिसांना आपली गाऱ्हाणी मांडण्यासाठी मान्यताप्राप्त संघटना असली पाहिजे.

पोलीस चांगली सेवा देऊच शकत नाहीत, असे मानण्याचेही कारण नाही. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत, १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि त्या वस्तीचा पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. क्षुल्लक तक्रारीही ऐकल्या जाऊ लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, त्या मुंबईतील पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर श्रीकृष्ण आयोगाला बोट ठेवावे लागले. पण जवळचीच भिवंडी शांत राहिली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. पुढे राज्याने हा उपक्रम इतर जिल्ह्यांत नेला. या दोन्ही उदाहरणांत नवी शस्त्रे लागली नाहीत. ठाण्यात येणाऱ्या माणसाचे ऐकून घेण्याची व्यवस्था तेवढी केली गेली.

कार्यकर्त्यांपुढील काम

समाजवादी चळवळीला पोलिसांच्या प्रश्नावर मोठी परंपरा आहे. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात प्रजा समाजवादी पक्षाच्याच सरकारच्या पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा, अशी मागणी केली. पक्षाने ती मानली नाही, आणि पुढे पक्षात फूट पडली. पण सत्ता आपली असली तरी गोळीचे उत्तर द्यावेच लागते, हा दंडक त्यांनी घालून दिला. मधु लिमये यांनी स्वतःच्या अटकेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि अटकेची कारणे न सांगता कोणालाही डांबता येत नाही, हे न्यायालयाकडून वदवून घेतले.

या परंपरेच्या वारसांनी आज एका गोष्टीचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. तालुक्यातील सर्वच पक्षांचे कार्यकर्ते, समाजवाद्यांसह, ठाण्यातील फोनाफोनीला लोकसेवा मानू लागले आहेत. ‘आपला माणूस आहे, जरा बघा’ असे निरीक्षकाला सांगितले की एकाचे काम होते, कार्यकर्त्याचे वजन वाढते, निरीक्षकाच्या गाठी एक उपकार जमा होतो. त्याच वेळी वशिला नसलेल्या दहा जणांचे दार अधिक घट्ट लागते, आणि जे कायद्याने मिळावयाचे ते कृपेने मिळते, हा समज पक्का होतो. आमदाराच्या चिठ्ठीवर टीका करावयाची आणि आपली चिठ्ठी पुढे करावयाची, हे दुटप्पी आहे. फिर्यादीसोबत ठाण्यात जावे, त्याच्या शेजारी बाकावर बसावे, आणि जे मागावयाचे ते त्याच्या नावाने, कायद्याच्या कलमाने आणि उघडपणे मागावे. फोन मात्र करू नये.

प्रत्येक तालुका शाखेला हे काम आजच सुरू करता येईल. फिर्याद लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. दखलपात्र गुन्ह्यासाठी ‘एन.सी.’चा कागद स्वीकारू नये. नोंद नाकारली तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना टपालाने खबर पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या ठिकाणीच विचारपूस करावी लागते, हे वस्तीवस्तीत सांगावे. डिसेंबर २०२०च्या आदेशानुसार प्रत्येक ठाण्यात बसवावयाचे कॅमेरे खरोखर चालू आहेत काय, याची माहिती अधिकारात विचारणा करावी. नाकारलेल्या प्रत्येक तक्रारीची तारीखवार नोंद शाखेने स्वतःच्या वहीत ठेवावी. विधिमंडळात मांडण्यासाठी ठाण्याच्या आकड्यांपेक्षा ही वही अधिक खरी ठरेल.

सरकारकडे करावयाच्या मागण्याही स्पष्ट आहेत. जिल्हावार तक्रार प्राधिकरण असावे आणि त्याचे निर्णय बंधनकारक असावेत. ठाण्याचे मूल्यमापन नोंदींच्या संख्येवरून न करता, आलेल्या तक्रारींपैकी किती स्वीकारल्या आणि किती फिर्यादींना तपासाची प्रगती कळवली, यावरून करावे. तपासाचे मनुष्यबळ बंदोबस्तापासून वेगळे काढावे. आठ तासांची पाळी कायद्याने द्यावी. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. बहुतेक गोष्टी आयोगांनी आणि न्यायालयांनी सांगून झालेल्या आहेत. त्यांच्यामागे जनतेचा रेटा नाही, म्हणून त्या कागदावर राहिल्या आहेत.

स्वातंत्र्याचा अर्थ खेड्यातील भूमिहीन स्त्रीला संविधानाच्या पानांतून कळत नाही. ठाण्यात गेल्यावर तिला बसायला खुर्ची मिळते की नाही, तिचे म्हणणे तिच्या शब्दांत लिहिले जाते की नाही, आणि ते वाचून दाखवून त्याची प्रत तिच्या हातात दिली जाते की नाही, यावरून तिला तो कळतो. ती एकटी, कोणाचीही चिठ्ठी न घेता ठाण्यात जाईल आणि तासाभरात प्रत घेऊन बाहेर येईल, त्या दिवशी पोलीस खाते लोकसेवा झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत कार्यकर्त्याची जागा तिच्याशेजारी, ठाण्याच्या त्या बाकावर आहे.